आधी पाय, मग गिटार: सोलापुरात बसून स्लेडचा आवाज कसा काढायचा

गिटार अजून पिशवीतून काढू नका. आधी प्लायवूड आणा. १८ एमएम जाडीची, ८ बाय ४ फुटांची एक शीट. नवी घ्यायची गरज नाही. सेंट्रिंगवाल्याकडं वापरून झालेली मिळते, कडेला सिमेंट चिकटलेलं असलं तरी आपल्या कामाला चालते. ती थेट फरशीवर टाकायची नाही. खाली दर दोन फुटांवर लाकडी रीप द्यायची, म्हणजे शीट आणि फरशीच्या मधे दोन-तीन इंच पोकळी राहते. त्या पोकळीमुळं पाय आपटला की 'टप्' न होता 'धब्ब' होतं. आता कडक तळव्याचे बूट घाला, तिघांना बोलवा आणि चौघं मिळून एका ठेक्यात पाय आपटा. स्लेड या सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश रॉक बँडचा आवाज इथून सुरू होतो.

मी दिवसा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग अडला, धोटा नीट जाईना झाला की मला हाक येते. रात्री ड्रम वाजवतो. लहानपणी आमच्या मंडळाच्या लेझीम पथकात हलगी होती, पुढं एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट हप्त्यानं घेतला. स्लेडची पहिली कॅसेट मामाच्या मुलानं मुंबईहून भरून आणली होती, वर नुसतं पेननं 'इंग्लिश जोरदार' असं लिहिलेलं. बँडचं नाव कळायला मला दोन वर्षं लागली. आता आम्ही चौघं आहोत: मी, माझा चुलतभाऊ, भाचा आणि शेजारचे अण्णा. गेली काही वर्षं आम्ही हा आवाज काढायला शिकतोय. जे हाताला लागलं ते इथं लिहितो, कारण गिटारचे धडे सगळीकडं मिळतात, पण हा आवाज गिटारमधून येत नाही हे कुणी सांगत नाही.

हे लोक कोण

इंग्लंडच्या मध्यभागी वुल्व्हरहॅम्प्टन, वॉल्सॉल, बिल्स्टन अशी गावं एकमेकांना चिकटून आहेत. कोळसा, लोखंड, धूर; म्हणून त्या पट्ट्याला 'ब्लॅक कंट्री' म्हणतात. वॉल्सॉल चामड्याच्या खोगिरांसाठी प्रसिद्ध, जसं आपलं गाव चादरीसाठी. तिथली ही चार पोरं. नॉडी होल्डर गायचा आणि रिदम गिटार वाजवायचा; त्याचे वडील लोकांच्या खिडक्यांच्या काचा पुसायचं काम करायचे. डेव्ह हिल लीड गिटारवर. जिम ली बेसवर, पण मुळात तो व्हायोलिन शिकलेला. डॉन पॉवेल ड्रमवर. आधी त्यांचं नाव वेगळं होतं, १९६९ मधे 'अँब्रोस स्लेड' झालं आणि लगेच नुसतं 'स्लेड'. त्यांना हाताशी धरलं चॅस चँडलरनं, जो स्वतः 'अॅनिमल्स' या बँडचा बेसवादक होता आणि ज्यानं गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला इंग्लंडात आणलं होतं.

ग्लॅम रॉक म्हणजे १९७१ ते ७४-७५ च्या आसपासची लाट: चमचमते कपडे, उंच टाचांचे बूट, चेहऱ्यावर चमकी आणि सोपी, धडधडीत गाणी. टी. रेक्स या बँडच्या मार्क बोलाननं टीव्हीवर डोळ्यांखाली चमकी लावली तिथून ती सुरू झाली असं मानतात. त्या लाटेत बोलान नाजूक होता, डेव्हिड बोवी दुसऱ्या ग्रहावरून आल्यासारखा होता. स्लेड मात्र शिफ्ट सुटल्यावर रस्त्यावर भेटतील असे लोक होते, फक्त कपडे चांदीचे. १९७१ ते ७३ या काळात त्यांची सहा गाणी ब्रिटनमधे पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातली तीन १९७३ या एकाच वर्षात आली आणि विक्रीच्या पहिल्याच आठवड्यात थेट वर जाऊन बसली.

कानाची तयारी

वाजवायच्या आधी ऐका, आणि ओळीनं ऐका. पहिलं 'गेट डाऊन अँड गेट विथ इट', १९७१ चं. हे त्यांचं स्वतःचं गाणं नव्हे, जुनं रॉक अँड रोल आहे, पण कार्यक्रमात हे लागलं की लोक टाळ्या पिटायचे, पाय आपटायचे. रेकॉर्ड करताना त्यांनी तो पायांचा आणि टाळ्यांचा आवाज ठेवला. गाणं १६ व्या क्रमांकापर्यंत गेलं. आकडा मोठा नाही, पण दार इथं उघडलं. पहिल्यांदा ऐकताना गाण्याकडं लक्षच देऊ नका, फक्त पाय मोजा.

मग त्याच वर्षीचं 'कॉज आय लव्ह यू'. हे त्यांचं पहिलं पहिल्या क्रमांकाचं गाणं. यात जिम लीचं व्हायोलिन आहे आणि खाली तेच पाय, त्याच टाळ्या. सूर उदास, ठेका दणकट. आपल्याकडं गोंधळात संबळ कडकडत असतो आणि वर तुणतुणं एकाच तारेवर झुरत असतं, तसं ते नातं मला वाटतं. हे गाणं तीन वेळा ऐका: एकदा फक्त व्हायोलिन, एकदा फक्त पाय, एकदा दोन्ही.

तिसरं, 'स्लेड अलाइव्ह!' हा १९७२ चा अल्बम. लंडनच्या कमांड स्टुडिओत आदल्या वर्षी चाहत्यांना समोर बसवून तो रेकॉर्ड केला. इथं बँड आणि लोक यांच्यामधली भिंत सापडत नाही. हेडफोन लावा, डोळे मिटा आणि लोक कुठं संपतात, बँड कुठं सुरू होतो ते शोधा. मी अजून शोधतोय. त्यानंतर 'मामा वी'र ऑल क्रेझी नाऊ', 'कम ऑन फील द नॉइज', आणि शेवटी 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी'. बाकीचं नंतर आवडीनं ऐका, घाई नाही.

पाय

आता पुन्हा प्लायवूडवर या. रेकॉर्डिंगला मोबाइल चालेल, साधा माइक असेल तर आणखी चांगलं. माइक शीटच्या अगदी जवळ ठेवू नका. साधारण तीन-चार फूट लांब, गुडघ्याच्या उंचीवर. जवळ ठेवला तर नुसता खटका येतो आणि आवाज फाटतो. पहिल्या वेळी आमचा तसाच फाटला. अख्खी रात्र गेली होती आणि हाताला काही लागलं नव्हतं.

मेट्रोनोम, म्हणजे ठेका मोजणारं यंत्र, मिनिटाला १२० ते १३५ ठोक्यांच्या मधे ठेवा. चौघांनी चार मिनिटं पाय आपटा. मग सगळ्यांनी जागा बदला, माइक तिथंच राहू द्या, आणि तेच पुन्हा रेकॉर्ड करा. असं चार वेळा. चार गुणिले चार, सोळा माणसं झाली. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंग जोडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे चारही थर एकावर एक ठेवा. टाळ्यांचंही तसंच. काही टाळ्या सपाट पंजानं द्या, काही खोलगट पंजानं; दोन्हींचा रंग वेगळा असतो आणि मिसळल्यावर गर्दी वाटते.

आता महत्त्वाची गोष्ट. एकच रेकॉर्डिंग कॉपी करून चारदा चिकटवू नका. भाच्यानं तसं केलं होतं, वेळ वाचेल म्हणून. आवाज मोठा झाला, पण माणसं वाढली नाहीत. एका माणसाचा पाय दुसऱ्याच्या आधी किंवा मागं केसभर पडतो, त्या फरकातून गर्दी तयार होते. कॉपीत तो फरकच नसतो. उलट फरक फार झाला तर गोंधळ होतो, पायांऐवजी जिन्यावरून पोतं घरंगळल्यासारखं ऐकू येतं. मधली जागा कानाला कळते. लेझीम खेळलेल्या माणसाला ती आधीच ठाऊक असते: पन्नास लेझिमी एका क्षणी वाजत नाहीत, पण रस्त्यावर उभं राहिलं की एकच 'छन्न' ऐकू येतं.

जागा निवडताना पत्र्याचं शेड टाळा. आम्ही सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शेडमधे करून बघितलं, पत्रा इतका झणझणतो की पाय बुडतात. सर्वात चांगला आवाज आम्हाला मिळाला तो अण्णांच्या जुन्या दगडी घराच्या जिन्याखाली. दगड आवाज परत देतो पण थरथरत नाही.

ड्रम

स्लेडची बरीच गाणी दोन चालींत बसतात. एक सरळ: प्रत्येक मात्रेचे दोन सारखे तुकडे. 'मामा वी'र ऑल क्रेझी नाऊ' तसं आहे. दुसरी झुलती: प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करायचे, मधला गाळायचा, पहिला आणि तिसरा वाजवायचा. 'कम ऑन फील द नॉइज' आणि 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' असं झुलतं. तोंडानं म्हणून बघा: 'धा-ऽ-क, धा-ऽ-क, धा-ऽ-क, धा-ऽ-क'. ज्यानं हलगी वाजवलीय त्याला हे सांगावं लागत नाही. हाताच्या काडीनं घेतलेला घोळ आणि बोटाची टिचकी यांत तेच अंतर असतं.

ड्रमवाल्यानं कमी वाजवायचं. हे माझ्या गळी उतरायला फार वेळ लागला. ऑर्केस्ट्रात प्रत्येक ओळीच्या शेवटी फिरकी मारायची सवय असते. इथं फिरकी मारली की पाय आपटणाऱ्या लोकांचा तोल जातो. पॉवेल लोकांना पाय टाकायला जागा ठेवतो. बास ड्रम घट्ट आणि कोरडा हवा: आत जुनी चादर कोंबा, पुढच्या कातड्याला टेकेल एवढी. सोलापुरात जुन्या चादरीला तोटा नाही.

पॉवेलबद्दल आणखी एक सांगतो, कारण ड्रम शिकणाऱ्याला ते माहीत असावं. ४ जुलै १९७३ ला त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. बरोबर असलेली त्याची मैत्रीण गेली. तो सहा दिवस बेशुद्ध होता. वास आणि चव गेली, आणि नुकतं घडलेलं लक्षात राहीना. त्यावेळी 'स्क्वीझ मी, प्लीझ मी' पहिल्या क्रमांकावर होतं. आधी ठरलेल्या काही कार्यक्रमांत जिम लीच्या भावानं ड्रम सांभाळला. पण बँडनं दुसरा ड्रमर घेतला नाही. थोड्याच आठवड्यांत पॉवेल परत बसला, आणि त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' रेकॉर्ड झालं. गाणं कसं सुरू होतं हे त्याला बाकीच्यांनी आठवण करून द्यावं लागायचं.

आमच्या अण्णांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. बोलणं अडखळतं, काल काय जेवले ते सांगता येत नाही. पण माग चालू झाला की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ठेका धरतो. पंचेचाळीस वर्षं त्यांनी मागावर काढली आहेत. आमच्या पायांच्या रेकॉर्डिंगमधे डावीकडचा सर्वात स्थिर पाय त्यांचाच आहे, खुर्चीत बसून मारलेला. म्हणून पॉवेलची गोष्ट मी वाचतो तेव्हा मला ती लांबची वाटत नाही.

गिटार आणि बेस

आता पिशवी उघडा. होल्डर रिदममधे भरघोस, सगळ्या तारांचे कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर) वाजवतो; दोन तारांचे अर्धे कॉर्ड घेऊ नका. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणं, तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं ठेवा. जास्त ठेवलं तर आवाज गुळगुळीत होतो, तारांवर पिक आपटल्याचा खरखरीत घाव हरवतो, आणि आपल्याला तो घावच हवाय. कॉर्ड वाजवून झाला की तळहातानं तारा दाबून आवाज तोडा. ती शांतता पायांसाठी आहे. रिदम दोनदा वेगवेगळा वाजवून रेकॉर्ड करा, एक डावीकडं, एक उजवीकडं.

लीड गिटारमधे डेव्ह हिल बोटांची करामत दाखवत नाही, गुणगुणता येईल अशी ओळ वाजवतो. भाचा वेगात वाजवू शकतो. त्याला मी एकच अट घातली, सोलो वाजवायच्या आधी तोंडानं गाऊन दाखव. जे गाता आलं नाही ते काढून टाकलं.

बेसकडं मात्र मोकळीक द्या. जिम लीचा बेस चालत राहतो, चढतो, उतरतो, कधी कधी लीड गिटारपेक्षा जास्त गातो. गाणी बांधण्यातही त्याचा मोठा वाटा. बहुतेक गाणी ली आणि होल्डर या जोडीची आहेत. आमचा चुलतभाऊ भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्याला मी बेस दिला, कारण त्याला सुरांत चालायची सवय आहे. पेटीचा विषय निघालाच आहे तर, 'मेरी ख्रिसमस'च्या सुरुवातीचा तो भरून राहणारा सूर हार्मोनियमचा आहे. घरात पेटी असेल तर ती वापरा, भाता सावकाश ओढून एकच लांब सूर धरा.

गळा

नॉडी होल्डरचा आवाज ओरडण्यासारखा वाटतो, पण तो सुरात ओरडतो. फार वरच्या पट्टीत, घोगरा, तरीही सूर नेमका लागलेला. नुसतं ओरडाल तर कित्येक दिवस बोलता येणार नाही. माझं झालं तसं. कारखान्यात आठवडाभर खुणांनी काम चालवलं. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी पेटीवर चाल धरून हळू आवाजात गा, मग मोकळ्या आवाजात, आणि शेवटी जोर. जोर घशातून न घेता पोटातून घ्या. सोबत कोमट पाणी ठेवा. एका बैठकीत पूर्ण जोरानं तीन-चार वेळाच. टोचायला लागलं की थांबा, त्या दिवशी पुन्हा नाही.

आपल्याकडं या आवाजाचा नमुना शोधायला लांब जायला नको. पोवाडा ऐका. शाहीर अमरशेख आपल्याच जिल्ह्यातले, बार्शीचे. हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा म्हणून तो आवाज तसा घडला. होल्डरचंही तेच. पबमधे, हॉलमधे, बोलत्या-पित्या गर्दीच्या वर जायचं होतं. शाहिराच्या मागं झीलकरी असतात, 'जी जी रं जी' म्हणणारे. स्लेडमधे झीलकरी म्हणजे सगळा हॉल.

झील

इथं सर्वात जास्त वेळ द्या. 'मेरी ख्रिसमस'ची झील, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायचं धृपद, स्लेडनं स्टुडिओच्या बाहेर कॉरिडॉरमधे म्हटली, कारण तिथं घुमायचं. न्यूयॉर्कमधे उकाडा, आणि ही माणसं कॉरिडॉरमधे उभी राहून नाताळचं गाणं ओरडतायत. त्या झिलेची मूळ चालही होल्डरनं १९६७ मधे केलेल्या आणि बाजूला टाकलेल्या एका गाण्यातली. त्यामुळं जुन्या वह्या फेकू नका.

तुमच्या इमारतीचा जिना वापरा. दोन जण तळमजल्यावर, दोन वरच्या मजल्यावर, माइक मधल्या वळणावर. पट्टी अशी निवडा की जे गात नाहीत त्यांनाही पोचेल. होल्डर ओळ वरच्या पट्टीत घेतो, पण झील मधल्या पट्टीत येते. गाण्यातल्या माणसांनाच झील देऊ नका. वहिनी, शेजारची पोरं, दूध घालायला आलेला माणूस, जो येईल तो. आमच्या एका थरात पाचवीतल्या मुली आहेत, त्यांच्यामुळं वरचा काठ चमकतो. सूर थोडा इकडं तिकडं झाला तरी चालतो, फक्त शब्द सगळ्यांनी एका वेळी तोडले पाहिजेत.

शब्द

स्लेडच्या गाण्यांची नावं बघा. 'लव्ह' या शब्दात ओ-व्ही-ई ऐवजी यू-व्ही. 'नॉइज'च्या शेवटी एस ऐवजी झेड. 'होम'मधला 'ह' त्यांच्या भागात बोलताना गळतो, म्हणून नावातही गाळला. शिक्षक लोक चिडायचे, पोरांचं स्पेलिंग बिघडेल म्हणून. पण स्लेडनं आपल्या गल्लीत बोलतात तसं लिहिलं, आणि ते सगळ्या देशानं म्हटलं.

मला हे उमगलं त्या दिवशी मी आमच्या सगळ्या वह्या पुन्हा लिहिल्या. आधी आम्ही पुस्तकी मराठीत लिहायचो आणि झील पडून राहायची. मग भाच्यानं सोलापुरी बोलीत लिहिलं: एकानं विचारायचं, 'आवाज येलालाय का बे?' आणि सगळ्यांनी, 'येलालाय!' बस. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात हे म्हटलं तेव्हा दुसऱ्याच फेरीला मागच्या रांगेतले लोक उत्तर देत होते. कन्नड बोलणारे, तेलुगू बोलणारे, दखनी बोलणारे, सगळ्यांना 'येलालाय' येतं, कारण ते सगळ्यांच्या बोलण्यातून घडलंय. तुमच्या गावात जे बोलतात ते लिहा. नगरचं नगरला, बार्शीचं बार्शीला. झिलेत चारपेक्षा जास्त शब्द नकोत.

चमक

कपडे हा शोभेचा भाग समजू नका. होल्डरच्या उंच टोपीवर आरसे चिकटवलेले होते. वरून दिवा पडला की हॉलभर कवडसे फिरायचे, म्हणजे उजेडही लोकांमधे जायचा. आपल्याकडं बंजारा बायकांच्या काचळीवरचे आरसे उन्हात तसेच करतात. आम्ही पुठ्ठ्याची टोपी केली, मंगळवार बाजारातून भरतकामाचे गोल आरसे आणले आणि फेविकॉलनं चिकटवले. एक सूचना: आरसे थोडे तिरके लावा, वेगवेगळ्या दिशांना. सपाट लावले तर एकच मोठा कवडसा पडतो. डेव्ह हिलची 'सुपरयॉब' नावाची गिटार मात्र करायला जाऊ नका. ती जॉन बर्च या कारागिरानं खास त्याच्यासाठी बनवलेली. तेवढ्या पैशात तुमचे चार माइक येतात.

पुढं काय झालं, ते ऐकण्यासाठी

आवाज जमायला लागला की एक संध्याकाळ यासाठी ठेवा. 'कम ऑन फील द नॉइज' तीन वेळा लावा: मूळ १९७३ चं, मग अमेरिकेच्या क्वाएट रायट या बँडनं १९८३ मधे केलेलं, मग ओएसिस या इंग्लिश बँडनं १९९६ मधे केलेलं. क्वाएट रायटचं अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर गेलं. स्लेडनं त्याआधी काही वर्षं अमेरिकेत राहून घाम गाळला होता, तिथल्या लोकांनी त्यांना फारसं उचललं नव्हतं. त्यांच्याच गाण्यानं दुसऱ्यांच्या हातून ते दार उघडलं, आणि पुढच्या वर्षी त्यांचं 'रन रनअवे' अमेरिकेत पहिल्या वीसात आलं. मला यात न्याय कमी आणि आनंद जास्त दिसतो. किस या अमेरिकी बँडच्या जीन सिमन्सनंही स्लेडचं ऋण उघड मान्य केलंय.

तिन्ही ऐकताना काय बदललं ते लिहून काढा: ड्रमचा आकार, गिटारची धार, गायकाचा स्वभाव. मग काय बदललं नाही ते लिहा. आमच्या चौघांच्या कागदावर एकच गोष्ट सारखी आली: झील सुरू झाली की गाणारा एकटा राहत नाही.

आणि १९८० मधलं इंग्लंडचं रेडिंग फेस्टिव्हल. तोवर स्लेडला लोक विसरले होते. हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्न येणार नाही म्हणून ऐनवेळी यांना बोलावलं. हेवी मेटल ऐकायला आलेली हजारो पोरं समोर होती, आणि यांनी त्यांच्याकडून नाताळचं गाणं म्हणून घेतलं, ऑगस्ट महिन्यात.

शेवटचं तपासणं

मिक्स झालं की मोबाइलच्या स्पीकरवर, मग रिक्षात, मग मोठ्या स्पीकरवर लावा. तिन्ही ठिकाणी पाय ऐकू आले पाहिजेत. गिटार एखाद्या ठिकाणी हरवली तर हरवू द्या.

त्यानंतर अशा माणसाला ऐकवा ज्याला हे संगीत माहीत नाही पण ठेका माहीत आहे. मी आईला ऐकवतो. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, पुढं तंबाखू, आणि बायकांची रांग. तिच्या बोटांना वेळ कळते. परवा तिनं डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं, सुपाच्या काठावर दोन बोटं वाजवत. मला वाटलं आवडलं. ती म्हणाली, "उजवीकडचा तिसरा हाय न्हवं, त्याचा पाय मागं पडलालाय. दमलाय तो."

उजवीकडचा तिसरा मीच होतो. त्या दिवशी डबल पाळी करून आलो होतो. आज पुन्हा प्लायवूड अंथरलंय.